मलमांच्या पुढची पायरी: सोरायसिस आणि पोटातून घ्यायची जुनी औषधं

सोरायसिस, म्हणजे त्वचेवर खपल्यांचे चट्टे उठवणारा आजार, अंगावर किती पसरलाय हे मोजायची एक सोपी रीत आहे. रुग्णाचा स्वतःचा तळहात, बोटांसकट, म्हणजे त्याच्या त्वचेचा साधारण एक टक्का. डॉक्टरांनी माझ्याच तळहाताच्या मापाने हिशेब केला: पाठ, कंबर, पोटऱ्या, कोपर, डोकं. बेरीज दहा टक्क्यांच्या वर गेली की आजार मध्यम ते तीव्र धरतात आणि नुसत्या मलमांवर भागेल अशी आशा ठेवत नाहीत. माझी बेरीज दहाच्या बरीच पुढे गेली होती.

त्याच भेटीत दहा प्रश्नांचं एक पान भरायला मिळालं. गेल्या आठवड्यात खाजेने किती त्रास झाला? कपडे निवडताना त्वचेचा विचार करावा लागला का? जवळच्या माणसाशी असलेल्या संबंधांवर परिणाम झाला का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण तीस. असं कुणी विचारतं, आणि त्या उत्तरांवर औषध ठरतं, याचंच मला फार बरं वाटलं. तोवर ‘जिवावरचं काही नाही ना, मग झालं तर’ हेच ऐकत आले होते. पाठीवरच्या चट्ट्यांना भेगा पडून चादरीला रक्ताचे डाग लागतात, तेव्हा हे वाक्य किती जड जातं ते ज्यांना सोरायसिस आहे त्यांना सांगायला नको.

माझा आजार इतका का वाढला होता, तेही सांगायला हवं. आधी दुसऱ्या एका ठिकाणी मला स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या. अंग भराभर साफ झालं. गोळ्या थांबल्या आणि आजार पहिल्यापेक्षा जोरात उसळला. जुने चट्टे पसरले, कधी नव्हते तिथे नवे उठले. सोरायसिसमध्ये पोटातून स्टेरॉइड देणं शक्यतो टाळतात ते याचसाठी. बंद करताना आजार उलटतो, आणि काहींना तर अंगभर पू भरलेले फोड आणि ताप अशा गंभीर प्रकाराला तोंड द्यावं लागतं. कुणाला ‘चार दिवसांत चट्टे घालवतो’ म्हणून नाव नसलेल्या पुड्या किंवा गोळ्या मिळत असतील, तर आत काय आहे ते विचारल्याशिवाय घेऊ नयेत, असं मी कळकळीने सांगते.

नव्या डॉक्टरांनी कागदावर तीन नावं लिहिली: मेथोट्रेक्सेट, सायक्लोस्पोरिन, अ‍ॅसिट्रेटिन. म्हणाल्या, ‘ही जुनी, ओळखीची औषधं आहेत. चांगली आहेत, पण एकालाही मोकळं सोडता येत नाही. तपासण्या वेळेवर करणार असाल तरच सुरू करू.’

मलम त्वचेवर काम करतं, पण आजाराची सुरुवात नुसती त्वचेत नसते. निरोगी त्वचेत खालच्या थरात जन्मलेली पेशी वर सरकत सरकत साधारण महिन्याभराने झडते. सोरायसिसमध्ये शरीराच्या संरक्षणयंत्रणेतल्या पेशी विनाकारण दाहाचे इशारे देत राहतात, आणि तोच प्रवास काही दिवसांत उरकतो. अर्धवट तयार झालेल्या पेशी थरावर थर साचतात, त्याच त्या चंदेरी खपल्या. पोटातून घ्यायची औषधं या इशाऱ्यांवर किंवा पेशींच्या वाढीच्या वेगावर काम करतात. ती रक्तातून सगळीकडे पोचतात, म्हणून त्यांचा गुण सगळीकडे दिसतो आणि त्रासही सगळीकडे होऊ शकतो.

अ‍ॅसिट्रेटिनवर डॉक्टरांनी लगेच काट मारली. ‘तुम्हाला पुढे मूल हवं असेल, तर हे नको.’ ते अ जीवनसत्त्वापासून बनवलेलं आहे आणि गर्भात गंभीर व्यंग निर्माण करतं. औषध बंद केल्यावरही तीन वर्षं गर्भ राहू द्यायचा नसतो, रक्तदानही करायचं नसतं. त्या काळात मद्य घेतलं तर शरीरात या औषधाचं रूपांतर एट्रेटिनेट नावाच्या जुन्या औषधात होतं आणि ते चरबीत फार काळ मुरून राहतं. पण या औषधाचा एक मोठा गुण आहे: ते प्रतिकारशक्ती दाबत नाही. प्रतीक्षागृहात भेटणारे एक काका तळहात-तळपायांच्या सोरायसिससाठी तेच घेत होते. आधी त्यांना भेगांमुळे चालवत नसे. ओठ सतत कोरडे पडून फुटतात, केस थोडे गळतात आणि ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, वाढले म्हणून डोस कमी करावा लागला, असं ते सांगत. पण दोन पायांवर सरळ चालत येत होते. माझ्यासाठी बाद ठरलेलं औषध दुसऱ्या कुणासाठी अगदी योग्य असू शकतं, हे त्यांच्याकडे पाहून नीट कळलं.

औषध सुरू होण्याआधी तपासण्यांची मोठी यादी होती. रक्तपेशी, लिव्हर, किडनी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, क्षयाची तपासणी, छातीचा एक्स-रे, गर्भधारणा नाही ना याची खात्री. सगळ्यांत जास्त शंका मला क्षयाच्या तपासणीबद्दल होती. खोकला नाही, ताप नाही, मग कशाला? क्षयाचे जंतू कित्येकांच्या शरीरात वर्षानुवर्षं निपचित पडलेले असतात; प्रतिकारशक्ती दबली की ते उठू शकतात. हिपॅटायटिस बीचंही तसंच. लसींचा विचारही तेव्हाच झाला, कारण ही औषधं चालू असताना जिवंत विषाणूंच्या लसी घेता येत नाहीत. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी चालतात, त्या घेऊन टाकल्या.

माझा आजार उसळलेला होता, म्हणून आधी सायक्लोस्पोरिन. नॉर्वेतल्या मातीच्या नमुन्यात सापडलेल्या एका बुरशीपासून ते मिळालं. प्रत्यारोपण केलेला अवयव शरीराने नाकारू नये म्हणून ते वापरात आलं, आणि १९७९ मध्ये त्याने सोरायसिसही शमतो असं दिसून आलं. वजनाच्या हिशेबाने डोस ठरतो, दर किलोला रोज अडीच ते पाच मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. पाकिटातून कॅप्सूल काढली की एक उग्र वास येतो. सुरुवातीला त्यानेच मळमळायचं.

याचा वेग मात्र अचाट. काही आठवड्यांतच खाज थांबली. आधी खपल्या गेल्या, मग चट्ट्यांचा उंचवटा बसला, शेवटी लाली ओसरली. कित्येक महिन्यांनी मी रात्रभर सलग झोपले. आई सकाळी येऊन विचारायची, ‘झोप लागली का गं?’ आणि मला खरंखुरं ‘हो’ म्हणता यायचं.

या वेगाची किंमत किडनीवर पडू शकते. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन (किडनी कसं काम करते हे दाखवणारा रक्तातला आकडा) आणि रक्तदाब. इथे मला जी गोष्ट शिकायला मिळाली ती प्रत्येक रुग्णाला ठाऊक असायला हवी. माझं क्रिएटिनिन औषधाआधी ०.७ होतं, एका तपासणीत ०.९ आलं. प्रयोगशाळेच्या कागदावर त्यापुढे कुठलीही खूण नव्हती, आकडा त्यांच्या मर्यादेत होता. पण सायक्लोस्पोरिन घेताना प्रयोगशाळेची मर्यादा बघायची नसते, स्वतःचा सुरुवातीचा आकडा बघायचा असतो. त्याच्यापेक्षा २५ टक्क्यांहून जास्त वाढ झाली की सावध व्हायचं. म्हणून तर औषधाआधी क्रिएटिनिन दोनदा मोजून घेतलं होतं. डॉक्टरांनी तपासणी पुन्हा करायला लावली, वाढ तशीच दिसली आणि डोस उतरवला. आकडा खाली आला. कागदावर ‘नॉर्मल’ वाचून मी आणि डॉक्टर दोघी स्वस्थ बसलो असतो, तर किडनीला होणारी इजा हळूहळू कायमची होऊ शकली असती.

बाकी त्रास मला कमीच झाला. बोटांत मुंग्या, हाताला बारीक कंप, चेहऱ्यावरची लव वाढली. हिरड्या सुजू शकतात म्हणून दातांची स्वच्छता जास्त काटेकोर ठेवली. ग्रेपफ्रूट वर्ज्य, कारण त्याने रक्तातलं औषध वाढतं. डोकेदुखीसाठी आयब्युप्रोफेनसारखी गोळी नाही, तीही किडनीवर भार टाकते. आणि हे औषध कायमचं नाही, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होतं. अमेरिकेत सलग एक वर्ष, युरोपात जास्तीत जास्त दोन वर्षं, अशी मर्यादा पाळतात. थांबवलं की आजार परतायची शक्यता मोठी. म्हणून सायक्लोस्पोरिन उतरवत असतानाच मेथोट्रेक्सेट सुरू करायचं ठरलं.

घरात खरी खळबळ उडाली ती इथे. पाकिटाबरोबरचा कागद वाचून आई रडवेली झाली. ‘अगं, हे कॅन्सरचं औषध आहे. एवढं काय झालंय तुला?’ तिची भीती खोटी नव्हती. मेथोट्रेक्सेट कॅन्सरसाठी वापरतात, काही प्रकारांत तर ग्रॅमच्या मापाने. सोरायसिससाठी मात्र आठवड्याला साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. मी तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. त्यांनी सांगितलं की १९५१ मध्ये अमिनोप्टेरिन हे याच जातीचं औषध संधिवातावर वापरून पाहिलं जात होतं, तेव्हा सोरायसिसचे चट्टे जाताना दिसले, आणि तिथून ही वाट सुरू झाली. कमी मात्रेत ते दाह करणाऱ्या पेशींना शांत करतं. इतक्या दशकांचा वापर मागे असल्यामुळे काय बिघडू शकतं आणि ते कुठल्या तपासणीत आधी दिसतं, हे बरंच ठाऊक आहे. आईने एकच प्रश्न विचारला: ‘आणि बिघडलं तर उतारा आहे का?’ आहे. फोलिनिक अ‍ॅसिड. लवकर दिलं तर ते उपयोगी पडतं. त्यावर आई थोडी सैलावली.

मेथोट्रेक्सेटचा सगळ्यांत मोठा धोका औषधात नाही, ते घेण्याच्या पद्धतीत आहे. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. जगात बहुतेक गोळ्या रोज घ्यायच्या असतात, म्हणून हीदेखील रोज घेतली जाते, आणि त्यातून रक्तपेशी तयार करणारी अस्थिमज्जा बंद पडून माणसं दगावली आहेत. डॉक्टरांनी चिठ्ठीवर वाराचं पूर्ण नाव लिहिलं, ‘रविवार’, आणि खाली ‘रोज नाही’. मी गोळ्या बाकीच्या औषधांपासून वेगळ्या डब्यात ठेवल्या. एकाच औषधाच्या कमी-जास्त ताकदीच्या गोळ्या दिसायला सारख्याच असतात, त्यामुळे दर वेळी मिलिग्रॅमचा आकडा वाचून घ्यायची सवय लावली. घरात वयस्कर माणूस हे औषध घेत असेल, तर वार दुसऱ्या कुणीतरी लक्षात ठेवावा असं मला फार वाटतं.

पहिला डोस पाच मिलिग्रॅमचा, नुसता चाचणीसाठी. आठवड्याने रक्तपेशी मोजल्या, ठीक निघाल्या, मग पायऱ्यापायऱ्यांनी पंधरापर्यंत. दुसऱ्या वारी फॉलिक अ‍ॅसिड. मेथोट्रेक्सेट शरीरातल्या फोलेट या ब जीवनसत्त्वाच्या (फॉलिक अ‍ॅसिड हे त्याचंच रूप) वापरातच अडथळा आणतं. फॉलिक अ‍ॅसिडने मळमळ, तोंड येणं आणि लिव्हरचे वाढते आकडे आटोक्यात राहतात.

आणि मग वाट पाहणं. सायक्लोस्पोरिनच्या वेगानंतर हे फारच अवघड गेलं. पहिला महिना काहीच नाही. सायक्लोस्पोरिन कमी होत गेलं तसे कोपरांवर चट्टे डोकं वर काढू लागले. मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला दोन-तीन महिने लागतात, पूर्ण अंदाज यायला त्याहून जास्त. साधारण चार महिन्यांनी दहापैकी चारेक जणांचा आजार पाऊण भागाने ओसरलेला असतो. म्हणजे सगळ्यांना गुण येत नाही. हे मला आधीच सांगितलं गेलं होतं, म्हणून तो काळ निभावला. सगळं साफ होईल असं कुणी म्हटलं असतं, तर मी दुसऱ्या महिन्यातच सोडून दिलं असतं. हळूहळू चट्टे मधून विरळ होऊ लागले, कडा तेवढ्या राहिल्या, मग कडाही तुटल्या. जागी तपकिरी डाग उरले, तेही पुढे फिके झाले. नखं सगळ्यांत शेवटी. नख मुळापासून वाढून यायला वेळ लागतोच.

रविवारी रात्री गोळ्या, सोमवारी मळमळ आणि असा थकवा की पायऱ्या चढताना थांबावं लागे. पुढे पुढे तर गोळ्यांचा पिवळा रंग दिसला तरी पोटात ढवळायचं. डॉक्टरांना हे ऐकून आश्चर्य वाटलं नाही, पुष्कळांना होतं म्हणाल्या. त्यांनी फॉलिक अ‍ॅसिड वाढवलं आणि पोटाच्या कातडीखाली घ्यायच्या इंजेक्शनवर आणलं. मात्रा वाढत जाते तशी गोळी आतड्यातून पुरती शोषली जात नाही, इंजेक्शनमध्ये तो प्रश्न राहत नाही. नर्सने दोनदा शेजारी बसून शिकवलं: चिमटीत कातडी धरायची, जागा दर वेळी बदलायची, वापरलेली सुई जाड डब्यातच टाकायची. सोमवार पुष्कळ सुसह्य झाला. गोळ्या सोसत नाहीत म्हणून औषधच सोडणाऱ्यांनी आधी इंजेक्शनबद्दल विचारावं.

रक्ततपासणीच्या वाराचंही महत्त्व आहे. डोस घेतल्यावर एक-दोन दिवस लिव्हरचे आकडे तात्पुरते चढलेले दिसू शकतात. म्हणून रक्त द्यायचं ते डोसनंतर निदान पाच दिवसांनी. माझा डोस रविवारी, म्हणून रक्त शनिवारी. एवढी साधी गोष्ट माहीत नसल्यामुळे किती जणांचं औषध उगाच थांबवलं जात असेल!

लिव्हरची इजा कित्येकदा रक्तात दिसतच नाही. पूर्वी, घेतलेल्या औषधाची एकूण बेरीज ठरावीक आकड्याला पोचली की सुई घालून लिव्हरचा तुकडा काढून तपासत. आता बहुतेकदा फायब्रोस्कॅनवर भागतं. काही तास उपाशी राहून उताणं झोपायचं, उजवा हात डोक्याखाली, आणि बरगड्यांच्या मधल्या खाचेत यंत्राचं टोक टेकवतात. आतून टिचकी मारल्यासारखं वाटतं, दुखत नाही. लिव्हर कितपत कडक झालंय हे त्या टिचकीच्या लाटेच्या वेगावरून कळतं. माझा आकडा चांगला आला. मद्य तर बंदच होतं, पण डॉक्टरांचा जास्त रोख वजन आणि साखरेवर होता. मधुमेह, लठ्ठपणा आणि आधीच चरबी साठलेलं लिव्हर असेल तर या औषधाने इजा होण्याची भीती वाढते, आणि सोरायसिसवाल्यांत हे सगळं तसंही जास्त आढळतं.

एक प्रसंग मी मुद्दाम लिहिते. मधे लघवीला जळजळ सुरू झाली, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी को-ट्रायमॉक्सॅझोल हे जंतुसंसर्गावरचं औषध लिहून दिलं. माझ्या पाकिटात डॉक्टरांनी दिलेलं कार्ड होतं: ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे’, आणि खाली टाळायच्या औषधांची नावं. त्यात हेच पहिलं. दोन्ही औषधं फोलेटच्याच वाटेत आडवी येतात आणि एकत्र आली की रक्तपेशी धोकादायक पातळीवर घसरू शकतात. कार्ड पाहताच त्यांनी चिठ्ठी बदलली, आणि संसर्ग बरा होईपर्यंत मेथोट्रेक्सेट थांबवायला सांगितलं. घेणाऱ्या प्रत्येकाने असं कार्ड जवळ ठेवावं. आणि तीन लक्षणं पाठ असावीत: तोंडात फोड येणं, कारण नसताना अंगावर निळे डाग किंवा ताप, आणि कोरडा खोकला वाढत जाऊन दम लागणं. यातलं काहीही झालं तर पुढचा डोस न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. खोकल्याचं कारण फुफ्फुसाला आलेली सूज असू शकते.

जैविक इंजेक्शनं, म्हणजे दाहाचे ठरावीक इशारेच अडवणारी नवी औषधं, आता आली आहेत आणि त्यांचा गुण यांच्यापेक्षा बराच जास्त आहे. मला सांधेदुखी नाही आणि आहे त्या औषधाने आजार आटोक्यात आहे, म्हणून आम्ही ती मागे ठेवली आहेत. सांधे सुजले, बोट सबंध फुगलं, सकाळी कंबर आखडायला लागली, तर लगेच कळवायचं, कारण सोरायसिस सांध्यांतही उतरू शकतो आणि सांध्यांची झीज भरून येत नाही.

सध्या गुडघ्यावर एक चट्टा आहे आणि डोक्यात थोड्या खपल्या, त्यांना मलम आणि लोशन पुरतं. रक्त दर तीन महिन्यांनी. गेल्या भेटीत नवराही बरोबर होता, कारण विषय मुलाचा होता. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, म्हणून गर्भनिरोधन आधीपासून काटेकोर आहे. ठरलं ते असं: औषध बंद करायचं, काही महिने थांबायचं, फॉलिक अ‍ॅसिड चालू ठेवायचं आणि मगच प्रयत्न करायचा. मधल्या काळात चट्टे उठले तर अरुंद पट्ट्याच्या यूव्हीबी (अतिनील) किरणांचा उपचार, तो गरोदरपणातही चालतो. त्यानेही भागलं नाही, तर सायक्लोस्पोरिन पुन्हा, थोड्या काळासाठी, रक्तदाबावर बारीक लक्ष ठेवून. नवऱ्याने हे सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि बंद करण्याच्या तारखेआधी शेवटचा फायब्रोस्कॅन कधी करायचा तेही विचारून घेतलं.